फक्कीच्या रेषा : यवतमाळ जिल्ह्यातील शालेय खेळांचा मागोवा

शाळांच्या रौप्य आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिका चाळण्याची आम्हांला जुनी खोड आहे. त्यांत संस्थापकांचे छायाचित्र असते, मुख्याध्यापकांची कालानुक्रमे यादी असते, शालान्त परीक्षेच्या निकालाचे तक्ते असतात, स्नेहसंमेलनात बसविलेल्या नाटकांची नावेही असतात. खेळांचे मात्र शेवटी एखादेच पान. त्यावर ढाल हाती धरलेल्या एका संघाचे धूसर चित्र, आणि चित्राखाली 'विजयी संघ' एवढे दोनच शब्द! कोणता खेळ, कोणते वर्ष, कोण मुले, त्यांना कोणी शिकविले, याचा पत्ता नाही. निकालाच्या वह्या पी.टी.च्या सरांच्या कपाटात असतात. सर निवृत्त झाले की कपाट रिकामे होते आणि वह्या रद्दीत जातात. यवतमाळसारख्या जिल्ह्यातील शालेय क्रीडेचा इतिहास लिहावयाचा तर तो या वह्यांवाचूनच लिहावा लागतो. तिथली माती, हंगाम, अंतरे, शेजारच्या अमरावतीची एक संस्था आणि शासनाचे नियम, एवढ्या साधनांवरून जे दिसते ते येथे मांडीत आहोत. त्या इतिहासात आपल्या ख्रिस्ती शाळांचा वाटा किती आणि ऋण किती, हाही प्रश्न ओघानेच येतो, आणि तो आम्ही टाळणार नाही.

प्रथम भूमी पाहू. १९०५ पूर्वी या जिल्ह्याचे नाव वणी जिल्हा असे होते. त्या वर्षीच्या पुनर्रचनेत वाशीम जिल्ह्यातून पुसद तालुका त्याला जोडला गेला आणि यवतमाळ जिल्हा आकारास आला. वऱ्हाड त्यापूर्वीच मध्य प्रांताला जोडलेले होते. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. या तपशिलाचे खेळाशी काय नाते, असे कोणी विचारील. नाते आहे, आणि ते पुढे स्पष्ट होईल. आज जिल्ह्यात १६ तालुके आहेत आणि क्षेत्रफळ सुमारे साडेतेरा हजार चौरस किलोमीटर. वणी एका टोकाला, उमरखेड दुसऱ्या टोकाला, आणि यवतमाळ शहर दोघांपासूनही शंभराच्या आसपास किलोमीटरवर. ज्या जिल्ह्यात जिल्हा पातळीचा सामना खेळावयासच एखाद्या संघाला पहाटेची एस.टी. गाठावी लागते, त्या जिल्ह्यातील खेळाचा विचार मुंबई-पुण्याच्या मापाने करता येत नाही. रेल्वे म्हणावी तर मुर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंदमापी 'शकुंतला'. ती कापसासाठी घातलेली. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन ओढीत असे, आणि आता तर तीही धावत नाही.

इंग्रजी अमदानीतील हायस्कुलांत खेळ आला तो कवायतीच्या रूपाने. रांगेत उभे राहणे, हुकमाबरोबर हात वर-खाली करणे, शिट्टीवर वळणे. त्यात खेळापेक्षा शिस्तीचा भाग अधिक. मुलांना तो आवडत नसे, हे सांगण्यास पुरावा नको. कवायत केलेल्या कोणालाही विचारावे. याच सुमारास दुसरी एक धारा आली, ती ख्रिस्ती युवक संघाची, म्हणजे वाय.एम.सी.ए.ची. १८९१ मध्ये जेम्स नाइस्मिथ यांनी अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉल शोधून काढला. १८९५ मध्ये विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल. दोघेही या संघाचे व्यायामशिक्षक. हे खेळ हिंदुस्थानात आले तेही याच संघाच्या हातून, आणि १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाची जी शाळा काढली तिने देशाला पहिले प्रशिक्षित क्रीडाशिक्षक दिले. हेच बक १९२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला भारतीय चमूचे व्यवस्थापक म्हणून गेले होते. आज यवतमाळच्या कोणत्याही मोठ्या गावात सायंकाळी दोन बांबूंना बांधलेली जाळी आणि तिच्याभोवती जमलेली पोरे दिसतात. तो खेळ एका मिशनरी चळवळीतून आला याची त्या पोरांना कल्पना नसते. नसली तरी काही बिघडत नाही. खेळ रुजला याची ती खूणच आहे. यवतमाळात प्रॉटेस्टंट बंधूंचे, विशेषत: फ्री मेथडिस्ट मिशनचे, कार्य जुने. १९५३ ते १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी याच शहरात होती. नंतर ती पुण्यास गेली.

आपल्या कॅथलिक वाचकांसाठी येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. ऑलिंपिकचे 'अधिक वेगाने, अधिक उंच, अधिक जोमाने' या अर्थाचे लॅटिन ब्रीद सर्वांना ठाऊक आहे. परंतु ते एका डोमिनिकन धर्मगुरूचे आहे, हे आपल्यातील किती जणांना ठाऊक असते? फादर आंरी दिदाँ हे पॅरिसजवळच्या आर्क्वेय येथील शाळेचे प्रमुख. १८९१ मध्ये आपल्या शाळेच्या क्रीडास्पर्धांच्या प्रसंगी त्यांनी ते शब्द वापरले. त्यांचे स्नेही पिएर द कुबेर्तां यांनी ते उचलले, १८९४ मध्ये ऑलिंपिक चळवळीपुढे ठेवले, आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपासून ते जगापुढे आले. म्हणजे जगातील सर्वांत मोठ्या क्रीडोत्सवाचे ब्रीद जन्मले ते एका शाळेच्या मैदानावर. त्याआधीचा दाखला द्यावयाचा तर संत पौलाचा. करिंथकरांना पत्र लिहिताना तो धावण्याची शर्यत, मुष्टियोद्धा आणि विजेत्याच्या माथ्यावरचा मुकुट यांची उपमा सहज देतो. कारण करिंथ शहराजवळच इस्थमियन खेळ भरत आणि वाचकांना ती भाषा परिचित होती. खेळाची भाषा आपल्या धर्मग्रंथाला परकी नाही. परकी असलीच तर ती आपल्या काही शाळांना, आणि त्याविषयी पुढे बोलूच.

परंतु यवतमाळच्या शालेय खेळाचा खरा उगम आर्क्वेयला नाही आणि स्प्रिंगफील्डलाही नाही. तो अमरावतीला आहे.

१९१४ साली अमरावतीत अंबादासपंत व अनंत या वैद्य बंधूंनी एक आखाडा सुरू केला. त्यातून पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. योगायोग असा, की त्याच १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम प्रथम लेखी स्वरूपात बांधले. देशी खेळ ही केवळ करमणूक नव्हे, त्यांनाही नियम, पंच आणि शास्त्र असते, हा विचार महाराष्ट्राच्या दोन टोकांना एकाच वेळी उगवत होता. तो काळ राष्ट्रीय जागृतीचा. यवतमाळातच त्याआधी काही वर्षे लोकनायक बापूजी अणे आदींच्या प्रेरणेने राष्ट्रीय शाळा चालली होती आणि सरकारच्या रोषाला बळी पडली होती. शरीर कमावणे हा त्या पिढीच्या दृष्टीने देशकार्याचाच एक भाग होता. हुतात्मा राजगुरू यांनीही अमरावतीच्या या मंडळात व्यायामाचे शिक्षण घेतल्याचे सांगतात. सरकारी कवायत आणि मंडळाचा व्यायाम यांत फरक होता तो येथेच : एकात हुकूम बाहेरून येत होता, दुसऱ्यात तो आतून येत होता.

१९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने या मंडळाचे पथक जर्मनीस गेले आणि तेथे कबड्डी, खो-खो, मल्लखांब आदींची प्रात्यक्षिके झाली. १९४९ मध्ये स्वीडनमधील स्टॉकहोम येथे भरलेल्या लिंगियाड या व्यायाम महोत्सवातही मंडळाचे पथक सहभागी झाले. आज कबड्डीचे सामने दूरचित्रवाणीवर झगमगाटात पाहणाऱ्यांना हे ऐकून नवल वाटेल. १९९० मध्ये बेजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचे स्थान मिळाले. त्याच्या अर्धशतकाहून अधिक काळ आधी वऱ्हाडातल्या मुलांनी तो खेळ युरोपला दाखविला होता.

तथापि आमच्या विषयाच्या दृष्टीने बर्लिनपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. मंडळाने शिक्षक घडविले. मघाशी राजकीय सीमांचा तपशील दिला तो याचसाठी. मुंबई इलाख्यात १९३७ मध्ये स्वामी कुवलयानंद यांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षण समिती नेमली गेली आणि १९३८ मध्ये कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. पण वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते. कांदिवलीचा लाभ नाशिक-पुण्याला. यवतमाळच्या शाळांनी पाहावयाचे ते अमरावतीकडे. मंडळाच्या प्रशिक्षण वर्गांतून आणि पुढे १९६७ मध्ये निघालेल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून बाहेर पडलेले तरुण पुसद, दिग्रस, दारव्हा, वणी, पांढरकवडा येथल्या हायस्कुलांत रुजू झाले. त्यांनी बरोबर काय आणले? साहित्य नव्हे, साहित्याला पैसे लागतात. त्यांनी खेळ आणले, आणि तेही असे की ज्यांना जमिनीवाचून फारसे काही लागत नाही. मंडळाचे प्रभाकरराव वैद्य यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा अनेक निवृत्त पी.टी. मास्तरांनी आपल्या घरी पेढे वाटले असतील, असे आम्हांला वाटते. त्या पदवीत त्यांचाही कणभर हिस्सा होता.

आता त्या जमिनीविषयी. यवतमाळची माती काळी, कपाशीची, भारी. उन्हाळ्यात तिला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती बुटाला, टाचेला, चाकाला चिकटून बसते. अशा मातीत मैदान करणे म्हणजे एक शेतीच होय. आधी मुरूम आणून टाकावा लागतो, मग पाणी मारून रोलर फिरवावा लागतो, आणि हे एकदा करून भागत नाही. दर पावसाळ्यानंतर मुरूम खाली दबतो व काळी माती पुन्हा वर येते. मग सुतळी ताणून फक्कीने रेषा आखावयाच्या. कबड्डीला मैदान आणि सात-सात मुले पुरतात. खो-खोला २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद जागा आणि दोन खांब. हे खांब गावचा सुतार करून देतो. आट्यापाट्या तर विदर्भाचा लाडका खेळ : आडव्या नऊ पाट्या, मधोमध उभी सूरपाटी, आणि सारा खेळ हुलकावणीचा. विदर्भाबाहेरच्या वाचकांना तो पाहावयास मिळत नाही याचे आम्हांला वाईट वाटते. चपळाईचे एवढे शुद्ध रूप दुसऱ्या खेळात विरळा.

हंगामाचेही तसेच. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. मुले येतात न येतात तोच पाऊस. तालुक्याच्या स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे ऐन चिखलात. या दिवसांत वावरात निंदण असते, डवरणी असते. पोरांचे हात घरी हवे असतात. दसऱ्यानंतर कापूस फुटला, सीतादह्याची पूजा झाली, की वेचणी सुरू. वेचणीला मुली लागतात. जिल्हा आणि विभागाच्या स्पर्धा नेमक्या याच सुमारास येतात. खो-खोच्या संघातील चांगली धावणारी मुलगी वेचणीला गेली म्हणून संघच गेला नाही, असा अनुभव ज्यांना आला नाही असे वऱ्हाडातील क्रीडाशिक्षक थोडेच निघतील. तिच्या आईबापांना दोष देता येत नाही. दिवसाची मजुरी हाती येते. ढाल शाळेच्या कपाटात जाते. वेगाची आवड मात्र या मातीला उपजत आहे. ज्यांनी शंकरपट पाहिला असेल, जोडी सुटताच उठणारा तो हलकल्लोळ ऐकला असेल, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

स्वातंत्र्यानंतर या साऱ्याला शासकीय चौकट मिळाली. १९५४ मध्ये भारतीय शालेय क्रीडा महासंघ स्थापन झाला. १९७० मध्ये महाराष्ट्राने क्रीडा व युवक सेवा संचालनालय काढले. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट ठरले. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्र अशी पायऱ्यांची उतरंड तयार झाली. राज्यात क्रीडेचे आठ विभाग. त्यांतील अमरावती विभागात अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ. चौकट उत्तम आहे, हे मान्य केलेच पाहिजे. यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर झरी-जामणीची मुले आणि शहरातली मुले एकाच रेषेवर उभी राहतात, ते याच चौकटीमुळे.

पण तिच्यातील एक दोष आम्हांला फार दिवस खुपत आला आहे. हे सामने बहुधा बाद पद्धतीने होतात. सोळा तालुक्यांचे सोळा संघ धरले तर पंधरा सामने होतात, आणि सोळांपैकी आठ संघ एकच सामना खेळून परत फिरतात. उमरखेडचा संघ पहाटे निघतो, दुपारी वीस-पंचवीस मिनिटे खेळतो आणि रात्री घरी पोचतो. त्या वर्षीचा त्याचा जिल्ह्याचा खेळ तेवढाच. साखळी पद्धतीला दिवस लागतात, दिवसांना निवास लागतो, निवासाला पैसा लागतो, हे आम्ही जाणतो. तथापि मूल खेळून शिकते, हरूनही शिकते. परंतु एकदाच हरून ते काय शिकणार? शालेय क्रीडेचा हेतू विजेता निवडणे एवढाच असेल तर बाद पद्धत पुरेशी आहे.

पुढे शालान्त परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळू लागले, आणि २००५ पासून शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के जागा खेळाडूंसाठी राखल्या गेल्या. पालकांचा दृष्टिकोन यामुळे पालटला, हे हितच झाले. त्याबरोबर प्रमाणपत्राचा मोहही आला. ज्यांचे मैदान जिल्ह्यात कोठे नाही अशा खेळांची प्रमाणपत्रे निघू लागली, आणि राज्यात बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली. याविषयी अधिक लिहिण्याची इच्छा नाही.

आश्रमशाळांविषयी मात्र लिहिले पाहिजे. जिल्ह्यात गोंड, कोलाम, परधान, आंध या आदिवासी समाजांची वस्ती मोठी; पांढरकवडा आणि पुसद येथे आदिवासी विकास प्रकल्पांची कार्यालये आहेत आणि त्यांच्या अखत्यारीतील आश्रमशाळांच्या स्वतंत्र क्रीडास्पर्धा भरतात. लांब पल्ल्याच्या धावण्यात आणि कबड्डीत ही मुले कोणाला हार जात नाहीत. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये एव्हरेस्ट सर केले, तेव्हा शहरी वृत्तपत्रांना आश्चर्य वाटले. ज्यांनी या मुलांना डोंगर चढताना, पाणी वाहताना, गुरे राखताना पाहिले आहे त्यांना वाटले नसावे. शरीर तयारच होते. कोणीतरी शिकविण्याचा अवकाश होता.

आता आपल्याविषयी. संत फ्रान्सिस द सेल्स संघाचे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मध्य भारतात आले. नागपूरची त्यांची शाळा १८७० ची, नागपूर धर्मप्रांत १८८७ चा. त्यातून १९५५ मध्ये अमरावती धर्मप्रांत वेगळा झाला आणि बिशप जोसेफ रोझारियो त्याचे पहिले महागुरू झाले. यवतमाळ जिल्हा याच धर्मप्रांतात येतो. धर्मगुरूंनी व धर्मभगिनींनी या भागात ज्या शाळा चालविल्या, त्यांनी शिक्षणाचे मोठे काम केले. खेळाच्या बाबतीत त्यांनी एक नेटकी परंपरा आणली : वार्षिक क्रीडादिन, लाल-निळ्या-हिरव्या-पिवळ्या चमू, बँडच्या तालावरचे संचलन, आखलेल्या मार्गिका, रिले शर्यती, वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपणारा कार्यक्रम. हे थोडे नव्हे. जिल्ह्यातील अनेक शाळांनी क्रीडादिन कसा भरवावा हे त्यांच्याकडून घेतले.

परंतु घेण्यासारखे जे समोर होते ते आपण घेतले काय? आपल्या समाजात खेळाचा विषय निघाला की मन मुंबईकडे, बांद्र्याकडे धाव घेते. ते स्वाभाविक आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या हॉकी संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा यांच्यासारखे मुंबईकर होते. १९५२ मध्ये हेलसिंकीला धावलेल्या मेरी डिसोझा या भारताच्या पहिल्या महिला ऑलिंपिक धावपटूंपैकी एक. हा अभिमान रास्त आहे. पण त्या अभिमानामुळे खेळ म्हणजे हॉकी, फुटबॉल, बास्केटबॉल अशी आपली समजूत झाली, आणि विदर्भातील आपल्या कित्येक शाळांच्या फाटकाबाहेर जे खेळ चालले होते ते आपल्याला गावंढळ वाटले. कबड्डी खेळणारी मुले मातीने मळतात, ही तक्रार आम्ही शिक्षकांच्या खोलीत स्वत: ऐकली आहे. अमरावतीचे मंडळ ज्या देवतेच्या नावाने चालते त्या नावाचाही कोणाला संकोच वाटला असेल. तो संकोच व्यर्थ होता. आपल्याच शाळांतील क्रीडाशिक्षक पुढे तेथेच शिकून आले आणि त्यांनीच आपली मैदाने चालविली.

एक प्रसंग सांगतो. शाळेचे नाव सांगत नाही, गावाचेही नाही. आम्ही तेव्हा तरुण शिक्षक होतो. क्रीडादिनाच्या आदल्या आठवड्यात निवड-शर्यती झाल्या आणि चारशे मीटरमध्ये आठवीतील एक मुलगी, शेतमजुराची लेक, अनवाणी धावून सर्वांच्या पुढे आली. किती पुढे? दुसरी मुलगी शेवटच्या वळणावर होती तेव्हा ही दोरी ओलांडून उभी होती. क्रीडादिनाच्या दिवशी संचलनासाठी पांढरे कॅनव्हासचे बूट सक्तीचे होते. तिच्याकडे ते नव्हते. संचलनात नाही तर शर्यतीत नाही, असा नियम होता, आणि नियम सर्वांना सारखा असे त्या दिवशी सांगण्यात आले. ती मांडवाच्या मागे, पाण्याच्या माठाजवळ बसून होती. चारशे मीटरची शर्यत दुसऱ्याच मुलीने जिंकली आणि आम्ही टाळ्या वाजविल्या. बूट आणून देणे आमच्या पगारातही अशक्य नव्हते. ते आम्हांला सुचले दुसऱ्या दिवशी.

बुटांचा हा प्रश्न आता निराळ्या रीतीने पुढे आला आहे. मोठ्या स्पर्धांत कबड्डी मातीवरून मॅटवर गेली आणि तिच्यामागोमाग खो-खोही चालला आहे. मॅटवर बूट लागतात, पावले वेगळी पडतात, वळण्याची ढब बदलते. मातीत वाढलेला मुलगा विभागाच्या किंवा राज्याच्या स्पर्धेत प्रथमच मॅटवर उभा राहतो आणि घसरतो. तो दुबळा असतो म्हणून नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राकडे होते : पुरुषांत प्रतीक वाईकर, महिलांत प्रियांका इंगळे. ज्या खेळाला सुताराने केलेले दोन खांब पुरत होते तो जगाचा खेळ झाला, याचा आनंद आम्हांला कोणापेक्षाही कमी नाही. पण मॅट विकत घेण्याची ऐपत असलेल्या शाळा यवतमाळात किती, हाही हिशेब कोणीतरी केला पाहिजे.

आणि शिकविणारा कोठे आहे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला खेळाचे मैदान आवश्यक ठरविले, हे चांगलेच झाले. त्याच कायद्यात शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. परंतु ती सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळांसाठी. कोलामांच्या पोडाजवळच्या किंवा पैनगंगेकाठच्या लहान शाळेत एवढी मुले कोठून येणार? म्हणजे ज्या मुलांजवळ खेळावाचून दुसरी करमणूक नाही, त्यांच्याच वाट्याला शिक्षक नाही. यवतमाळ जिल्ह्याने क्रिकेटला अक्षय कर्णेवारसारखा दोन्ही हातांनी गोलंदाजी करणारा खेळाडू दिला; नोव्हेंबर २०२१ मध्ये विदर्भाकडून मणिपूरविरुद्ध वीस षटकांच्या सामन्यात त्याने चार षटके टाकली, एकही धाव दिली नाही आणि दोन गडी बाद केले. असे गुण एखाद्यातच दिसतात असे नव्हे. ते दिसावेत म्हणून मैदानाच्या कडेला कोणीतरी उभे असावे लागते.

काही महिन्यांपूर्वी आम्ही एका निवृत्त पी.टी. सरांकडे गेलो होतो. वय ऐंशीच्या पुढे. शिक्षण अमरावतीचे, नोकरी सारी यवतमाळ जिल्ह्यात. आमच्याजवळ जुन्या स्मरणिकेतील एका खो-खो संघाचे चित्र होते. बारा मुली, पहिल्या रांगेतील चौघींच्या पायांत काही नाही. चित्राखाली नेहमीप्रमाणे दोनच शब्द. सरांनी चष्मा पुसला, चित्र खिडकीशी नेले आणि एकेकीवर बोट ठेवून नावे सांगू लागले. ही खांबाशी सूर मारण्यात पटाईत, ही तीन मिनिटे कोणाच्या हाती लागत नसे, हिचे लग्न दहावीतच झाले. अकरा नावे झाली. बाराव्या मुलीपाशी ते बराच वेळ थांबले. मग म्हणाले, ''लिहून घ्या तेवढी. ही आठवली की कळवतो.'' आम्ही चित्र उलटे करून अकरा नावे पेन्सिलीने लिहिली आणि बाराव्या आकड्यापुढे जागा सोडली.